आतली घडी: तेरच्या कापडापासून कापडी डायपरपर्यंत

किल्ले, लढाया, तह यांवर आपण इथं पुष्कळ बोललो. आज जरा अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या इतिहासाबद्दल बोलू. विषय आहे बाळाचं बाळुतं. म्हणजे लंगोट, दुपटं, फडकं, तुमच्याकडं जे काही म्हणत असतील ते. आणि त्याचा आजचा अवतार, म्हणजे आतली घडी काढून धुता येते असा कापडी डायपर.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका शेतात. गेल्या मे महिन्यात मी मामाच्या गावी होतो. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तेरपासून जवळ. पेरणीच्या आधी रानात शेणखत टाकायचं काम चाललं होतं. उकिरडा उपसून ट्रॉली भरून आणली होती आणि दोन गडी पाटीनं खत विस्कटत होते. काळं, भुसभुशीत, छान कुजलेलं खत. त्यात मधेच पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं पिशवी असेल. मामानं काठीनं उलटं केलं, तर डायपर. थोड्या अंतरावर अजून एक. मग तिसरा.

मामा म्हणाला, "आरं, हे थोरल्या नातवाचं असंल. त्यो आता अंगणवाडीत जायलाय, अन् हे अजून हाय तसंच निगायलंय."

गुराढोरांचं शेण, चुलीची राख, कडब्याचं बुडखं, उष्टं-खरकटं, सगळं त्या उकिरड्यानं पचवलं होतं. आजवर घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराची घाणही पचवली होती. ही एकच गोष्ट त्याला पचेना.

त्याच दिवशी दुपारी मी तेरच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं हे सरकारी संग्रहालय. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती काम. बघता बघता लक्षात आलं, की ज्या वस्तूसाठी तेर जगाला माहीत होतं, ती वस्तू काही इथं दिसत नाही. ती वस्तू म्हणजे कापड.

साधं कापड

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावानं ती ओळखली जाते. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर असल्याचं म्हटलंय. तिथून भडोच बंदराकडं माल जायचा, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून, गाड्यांवर. माल कोणता? तर भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे तगर म्हणजेच तेर, असं जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि ते आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

मला त्यातला 'साधं कापड' हा शब्द फार आवडतो. राजाच्या अंगावरची मलमल वेगळी. हे रोजच्या अंगावरचं. ते आज कुठं गेलं? कुजलं. आपल्या हवेत सुती कापड शतकानुशतकं टिकत नाही. प्राचीन भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले ते इजिप्तच्या कोरड्या वाळूत, बेरेनिकेसारख्या बंदरात.

पण कुजायच्या आधी त्या कापडाचं आयुष्य फार लांब असायचं. माझ्या आजीच्या वेळेपर्यंत तरी तसंच होतं. नऊवारी लुगडं नवं असेपर्यंत सणाला, मग रोजच्याला. विरलं की मधला फाटका भाग काढून दंड घालायचा, म्हणजे दोन टोकं जोडून परत नेसायचं. तेही झालं की त्याचा चांगला भाग वाकळेला. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आणि जो भाग सगळ्यात मऊ झालाय, तो बाळासाठी. बाळाचं वय सरलं की तेच फडकं हात पुसायला, मग चूल सारवायचं पोतेरं, आणि शेवटी उकिरडा. तिथून शेतात.

कित्येक घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही अशी रीत होती. म्हाताऱ्या माणसाच्या धोतराचं, लुगड्याचं कापड घालायचं. त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणून. श्रद्धा काहीही असो, नव्या कापडाला खळ असते, ते खरखरीत असतं आणि पाणी पटकन शोषत नाही. पन्नास वेळा धुतलेलं लुगडं मऊ असतं आणि लगेच ओल पितं.

'नसेल जमत तर धुऊन घ्या'

बाळाच्या कापडाबद्दल आपल्याकडं शास्त्रातही लिहून ठेवलंय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाचं अंथरूण-पांघरूण कसं असावं ते सांगितलंय. मऊ, हलकं, स्वच्छ, सुगंधी असावं. घामाचं, मळाचं, किडामुंगीचं, मलमूत्रानं खराब झालेलं कापड टाकून द्यावं. आणि पुढं फार व्यवहारी गोष्ट आहे: दुसरं मिळणं शक्य नसेल, तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, स्वच्छ आणि कोरडं करून परत वापरावं.

बघा मंडळी, ज्याला परवडतं त्यानं टाकावं आणि ज्याला परवडत नाही त्यानं धुवावं, हा भेद तेव्हाचाच आहे.

धुणं, धुरी आणि कोरडं करणं, या तिन्ही गोष्टी आमच्या आजीच्या बाळंतपणांत होत्या. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. तिच्यात ओवा, वावडिंग, शेपा टाकून धुरी. पावसाळ्यात त्याच निखाऱ्यांवर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर ओली फडकी पसरायची. धुरी आणि वाळवण एकाच शेगडीवर.

बाळाभोवतीची रचनाही ठरलेली. कमरेला नाडीचा त्रिकोणी लंगोट, त्यात घडी घातलेलं फडकं, वर दुपटं, खाली वाकळ. पुढं ज्यांना परवडलं त्यांनी वाकळेवर मेणकापड घातलं. रबर लावलेलं कापड स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट केलं. ते हिंडत-फिरत आपल्या बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आलं. मेणकापडानं वाकळ वाचायची, पण बाळ मात्र ओल्यातच पडून राहायचं.

आई पाण्याला गेली होती

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की बघा, आपले पूर्वज किती शहाणे, काहीच वाया घालवत नव्हते. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून संध्याकाळी आजीला विचारलं, की ही सगळी फडकी धुवायचं कोण आणि कुठं?

आजी म्हणाली, "कोण म्हंजे? मीच. नाहीतर माझी सासू. आन् रोज कुठं धुतोस बाबा? नुसतं मुतलेलं फडकं वाळवायचं आन् परत घालायचं. धुणं फकस्त घाणीचं. पाणी कुठं व्हतं?"

जी काटकसर मी पर्यावरणाच्या नावानं कौतुकानं बघत होतो, तिच्यामागं पाणी नव्हतं. लेकराच्या जांघा सोलवटायच्या. खोबरेल तेल लावायचं आणि उघडंच ठेवायचं.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांची कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या भजनात गुंग झालेले गोरोबा, आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं ते कळलंच नाही. ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. पण त्या कथेत बाळाची आई कुठं होती? ती लेकराला नवऱ्यावर सोपवून पाण्याला गेली होती. लहानपणापासून शंभरदा ऐकलेल्या गोष्टीतलं हे वाक्य माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर जायची. तेव्हा माझी धाकटी मावशी अंगावर पीत होती. कामाच्या जागी लिंबाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधायची आणि लेकरू त्यात टाकायचं. ओलं फडकं फांदीवर वाळायला, वाळलेलं झोळीत. त्या वर्षीच्या दुष्काळी कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ मध्ये. आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट लिहिलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी. कायद्याला झोळी दिसायला तेहतीस वर्षं लागली.

पॅराशूटच्या कापडाचे दोन लंगोट

आता आपण जरा धाराशिवच्या बाहेर जाऊ, कारण आतली घडी वेगळी आणि बाहेरचं आवरण वेगळं, हा विचार विकायची वस्तू म्हणून पुढं आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि योगायोग असा, की जवळजवळ एकाच वेळी दोन देशांत दोन आयांनी तो केला.

पहिल्या ब्रिटनच्या व्हॅलरी हंटर गॉर्डन. लष्करी अधिकाऱ्याची पत्नी. १९४७ मध्ये तिसरं मूल झालं आणि लंगोट धुऊन, वाळवून, इस्त्री करून त्या कंटाळल्या. त्यांनी युद्धातून उरलेल्या पॅराशूटच्या नायलॉनचं बाहेरचं आवरण शिवलं आणि आत टाकून देता येईल अशी शोषक घडी बसवली. मैत्रिणींनी मागितलं म्हणून घरच्या शिलाई मशीनवर शेकड्यांनी शिवले. १९४८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि पुढं 'पॅडी' या नावानं ते दुकानात आले.

दुसऱ्या अमेरिकेच्या मॅरियन डोनोव्हन. त्यांनी आधी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून आवरण शिवलं आणि नंतर त्यांनीही पॅराशूटचं नायलॉनच घेतलं. आत नेहमीचा सुती लंगोट. सेफ्टी पिनेऐवजी टिचबटणं. हा 'बोटर' १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विकायला आला, १९५१ मध्ये पेटंट मिळालं आणि त्यांनी त्याचे हक्क दहा लाख डॉलरला विकले.

दोघींनी बाहेरचं आवरण ठेवलं. फरक आतल्या घडीत: गॉर्डनबाईंनी ती टाकली, डोनोव्हनबाईंनी ती धुतली. मग १९६१ मध्ये अमेरिकेत 'पॅम्पर्स' आलं आणि त्यानं आतलं-बाहेरचं दोन्ही टाकायला सांगितलं. त्यामागचे इंजिनिअर व्हिक्टर मिल्स हे आजोबा होते. नातवंडाचे लंगोट बदलायचा त्यांना वैताग आला होता, असं सांगतात. १९८० च्या दशकात डायपरमध्ये लापशीसारखा फुगणारा शोषक पदार्थ आला. ती बारीक पूड आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओल धरून ठेवते. मामाच्या रानात डायपर फाटल्यावर काचेच्या दाण्यासारखं जे दिसलं, ते तेच.

सुटा एक द्या

आपल्याकडं १९९० च्या दशकाच्या मध्यावर किम्बर्ली-क्लार्क आणि हिंदुस्थान लिव्हर यांच्या भागीदारीतून 'हगीज' आलं, कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला. 'पॅम्पर्स' २००६ मध्ये भारतात आलं. आधी शहरात, मग तालुक्याला, आणि मग गावच्या किराणा दुकानात पानमसाल्याच्या माळेशेजारी डायपरच्या छोट्या पुड्यांची माळ. आता दुकानदार सुटा एकही देतो. लग्नाला, दवाखान्यात, एसटीनं कुठं जायचं असलं की सुटा एक न्यायचा.

याला नावं ठेवणं सोपं आहे. पण मामी जे म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगतो: "तुमचं काय ते पर्यावरण आसंल, पर त्या डायपरनं मला पहिल्यांदा रातभर झोप दिली." मामीला तीन मुलं. तिन्हींची फडकी तिनं हिवाळ्यात पहाटे गार पाण्यात धुतलेली.

आणि आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटे फडात जायचं, पाचटात लेकरू ठेवायचं, कोपीत अंधार, पाणी लांब. त्या आईला कापडी लंगोटाचं महत्त्व समजावून सांगायला मी तरी जाणार नाही.

खोळ

तर प्रश्न असा उरतो: मामीची झोप न मोडता मामाचं रान कसं वाचवायचं?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लुईझियानाच्या टेरेसन डुपुई यांनी आपल्या मुलाच्या अंगावरच्या पुरळाला कंटाळून एक रचना केली. बाहेर पाणी न झिरपणारं कापड, आत अंगाला लागणारं मऊ, कोरडं राहणारं कापड, आणि दोन्हींच्या मधे खिसा. खिशात शोषक घडी सरकवायची. खराब झाली की काढून धुवायची. उशीला खोळ असते ना, तसंच. आपल्याकडं मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ मध्ये 'सुपरबॉटम्स' सुरू केलं. अशा डायपरला पुढं टिचबटणांच्या ओळी असतात. बाळ वाढेल तशी बटणं पुढं लावायची. एकच आवरण बाळाला दोन-अडीच वर्षं पुरतं.

माझी मामेबहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चार महिन्यांचं. तिनं मोबाइलवरून असे तीन डायपर मागवले होते. आठवड्याभरात तिनं ते कपाटात टाकले. कारण? गळायले लागले आणि वासही यायचा. आतला जाड पॅड धुतला की दोन दिवस वाळेना.

मी पडलो रिकामटेकडा. म्हटलं, आठ दिवस हे धुणं मी करतो. अंगणात बादली घेऊन बसलो, तर शेजारच्या बायका कुंपणावरून बघायला आल्या. आजी मामेबहिणीवर ओरडली, "भाच्याला धुणं लावलंस व्हय गं!" तिनं लावलं नव्हतं, पण बोलणी तिनंच खाल्ली. हेही इतिहासात लिहून ठेवायला हवं.

त्या आठ दिवसांत जे कळलं ते असं.

एक, बोअरचं पाणी. आमच्याकडचं पाणी जड, क्षारांचं. त्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपण साबण वाढवतो. तो कापडातच अडकून बसतो आणि घडी ओल शोषेनाशी होते. त्यात बाळाला लावलेलं तेल, मलम कापडाला लागलं, की अजूनच. उपाय साधा निघाला: साबण कमी, गरम पाणी आणि शेवटचं खळबळणं भरपूर.

दोन, वाळवण. पॅड सहा-सात पदर शिवून केलेला. मामीनं तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, "ह्येला शिवलाय कशाला? घडी घाला की." तिनं सोलापुरी टॉवेल काढला, जुना, कडा विरलेला. सोलापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. टेरी म्हणजे दोन्ही बाजूंनी सुताचे फास सोडलेलं कापड. ही वीण हेन्री ख्रिस्ती यांनी तुर्कस्तानात बघितली आणि १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये यंत्रावर आणली. फासांमुळं ओल धरायला जागा जास्त मिळते. मामीनं टॉवेलचे चौकोन कापून कडा मशीनवर दुमडल्या. घडी घालून खोळीत सरकवलं तर जाड पॅड तयार. उलगडून दोरीवर टाकलं तर एकपदरी. मे महिन्याच्या उन्हात तासाभरात खडखडीत.

म्हणजे शेवटी आजीचं फडकंच परत आलं. फक्त आता त्याला न गळणारी खोळ मिळाली.

एका माणसाचं पाणी

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दिवसाच्या दहा-बारा घड्या धुवायला मला १६ लिटरच्या तीन बादल्या लागल्या. एक घाण काढायला, एक साबणाची, एक खळबळायला. म्हणजे ४८ लिटर. आता जलजीवन मिशनचं ठरलेलं प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे जवळजवळ एका माणसाचं दिवसाचं पाणी नुसत्या बाळाच्या घड्यांना. आणि टंचाईत टँकर आला, की हिशेब माणशी २० लिटरचा. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी 'कापडी वापरा' हा सल्ला म्हणजे 'दोन घागरी जास्तीच्या आणा' असा सल्ला असतो, आणि घागरी कोण आणतं ते आपण गोरोबाकाकांच्या कथेत बघितलंय.

पण इथंच आतली घडी वेगळी असण्याचा उपयोग कळतो. पूर्वी लंगोट भिजला की दुपटं भिजायचं, वाकळ भिजायची. आता नुसती घडी भिजते. एकच साधं आवरण असेल, तर आतली घडी बदलून तेच दोन-तीनदा चालतं, फक्त पुसून वाऱ्यावर टाकायचं. नुसत्या लघवीच्या घड्यांचं खळबळलेलं पाणी मामी परसातल्या शेवग्याला आणि केळीला घालते. हळूहळू आम्ही तीन बादल्यांवरून दोनवर आलो.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये दोन्ही प्रकारच्या लंगोटांचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. एकदाच वापरायच्या डायपरमुळं सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, आणि कापडी, सरासरी पद्धतीनं धुतलेल्यांमुळं सुमारे ५७० किलो. म्हणजे फरक नाहीच! पण पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर कापडी लंगोटांचा परिणाम सुमारे २०० किलोनं कमी होतो. उलट सगळे वाळवणीच्या यंत्रात वाळवले तर तो खूप वाढतो. धुण्या-वाळवण्यावरच सगळं अवलंबून. ऊन आमच्याकडं भरपूर आहे आणि फुकट आहे. पाणी नाही. तिकडं नेमकं उलट. म्हणून त्यांचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. आपला हिशेब आपणच मांडायला हवा.

पोतं

मामेबहिणीनं शेवटी मधला मार्ग काढला. दिवसा घरी खोळ आणि टॉवेलच्या घड्या. रात्री आणि प्रवासात विकतचा डायपर. रोज पाच डायपर धरले तर दोन वर्षांत ३,६५० होतात. रोज एक म्हटलं तर ७३०. हा हिशेब मी तिला करून दाखवला. ती म्हणाली, "दादा, ते ७३० कुठं टाकू ते सांग."

२०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या डायपरचा वेगळा उल्लेख होता. ते गुंडाळून वेगळे द्यावेत, कंपन्यांनी त्यासाठी पाकीट द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम चालवली, कारण तो शेवटी कुणाच्या तरी उघड्या हातांत जातो. मामाच्या गावात मात्र घंटागाडी येत नाही. जाळलं तर धूर अंगणात. पुरलं तर नांगराला लागतं. उकिरड्यात टाकलं तर रानात.

तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात युरियाचं एक रिकामं पोतं टांगलंय. रात्रीचे डायपर त्यात पडतात. मामा म्हणतो, तालुक्याला जाताना कधीतरी नेऊन टाकू. मी निघालो तेव्हा पोतं अर्धं भरलं होतं, आणि तालुक्याला नेऊन नेमकं कुठं टाकायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन हजार वर्षांपूर्वी तेरहून गाड्या भरून कापड गेलं, जगभर वापरलं गेलं आणि मातीत मिसळून गेलं. त्याच मातीत पुढच्या पिढ्यांना काय सापडावं, हे आता त्या पोत्यावर ठरणार आहे.

मंडळी, आजचा भाग इथंच थांबवतो. जाता जाता एक विनंती. बाळाच्या या कापडाला तुमच्या घरात काय म्हणायचे, ते कशापासून करायचे आणि धुवायचं कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला नक्की कळवा. तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.